ती रस्ता चुकली नव्हती

आठ वर्षांपूर्वी आपल्या रायपूरच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात मी मैकलच्या डोंगरातल्या तीन दिवसांच्या धावेचं वर्णन लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं: "आमच्या एका भगिनीने मात्र डोंगर सोडून ट्रकचा रस्ता पसंत केला." वाचून लोक हसले होते. ती भगिनी माझी धाकटी बहीण. ते वाक्य खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं.

ती धाव अंध मुलांच्या एका निवासी शाळेच्या मदतीसाठी होती. बहीण त्याच शाळेत शिकवायची. मुलांना पांढरी काठी घेऊन बाहेर न्यायचं, रस्ता कसा ओलांडायचा, वळण कसं ओळखायचं हे शिकवायचं, असं तिचं काम. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती आणि रोज पहाटे धावायची. मी सहासष्टचा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला. "दादा, धावता नाही आलं तर चाल, पण चल," असं म्हणून तिनंच मला ओढून नेलं.

आयोजकांनी मला सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. जंगलातल्या वाटेवर झाडांना लाल फिती बांधलेल्या असत. शेवटचा माणूस पुढे गेला की मागून त्या फिती सोडवत यायचं आणि प्रत्येक पाण्याच्या थांब्यावर यादीतल्या क्रमांकापुढे खूण करायची, हे माझं काम. "मागचं सांभाळायला गार्डसाहेबांशिवाय कोण!" असं सगळे म्हणाले. मलाही ते आवडलं. गाडीच्या शेवटच्या डब्याला मागे एक पाटी असते. ती पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्टेशनवाला 'गाडी पूर्ण आली' असं कळवत नाही, कारण एखादा डबा मागे तुटून राहिलेला असू शकतो. चौतीस वर्षं मी त्या पाटीच्या आतल्या बाजूला बसलो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी मी मुक्कामावर पोचलो तेव्हा सगळ्यांची जेवणं होत आली होती. माझा गुडघा सुजला होता.

"काय गार्डसाहेब, गाडी लेट?" एकानं विचारलं.

"मालगाडी आहे भाऊ ते," दुसरा म्हणाला. "साइडिंगले लावली होती."

हसलो मीही. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचायचंच, असं मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या थांब्यावर पोचलो. चार घरांचा पारा, म्हणजे आपला पाडाच, एका अंगणात पाण्याचे जार मांडलेले. तिथला कार्यकर्ता सामान आवरत होता. "सब निकल गए क्या?" मी विचारलं. त्यानं वर न पाहता "हव, हव" म्हटलं. मी यादी पाहिली. एका क्रमांकापुढे खूण नव्हती. तो माझ्या बहिणीचा क्रमांक होता.

मला हाक मारता आली असती. घरामागे जाऊन बघता आलं असतं. मी पेन काढलं आणि तिच्या क्रमांकापुढे खूण केली. मग फिती सोडवत भराभर पुढे निघालो. अर्ध्या तासावर वाट दोन ठिकाणी फुटत होती. तिथल्या तीन फिती मीच सोडवल्या आणि पिशवीत टाकल्या.

त्या दिवशी मी वेळेवर पोचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बहीण आली ती दिवस मावळताना, रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या एका ट्रकमधून. पायाला फडकं बांधलेलं, तोंड उन्हानं काळवंडलेलं. जंगलात लाकूडफाट्याच्या वाटेनं तीन तास भटकून ती घाटातल्या सडकेवर निघाली होती.

"फिती नव्हत्याच," ती म्हणाली. "एकही नव्हती."

आयोजकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "होत्या. त्या फाट्यावरच्या मी माझ्या हातानं सोडवल्या." त्यातला शब्द अन् शब्द खरा होता.

"पण दादा, मी तुह्या मागं होती. त्या घरामागं विहिरीपाशी लागलेला पाय बांधून राहिली होती."

"नाही बाई. तू आधीच निघाली होती. हे पाहा, यादीत खूण आहे."

ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. "मग मले कसं आठवत नाही?" असं हळूच म्हणाली. मी यादीची घडी करून खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी ती धावली नाही.

शाळेत मुलांनी तिला घेरलं. हे तिनंच मला हसत सांगितलं होतं. एक पोट्टी म्हणाली, "दीदी, आप तो देख सकती हो, फिर कैसे भटक गई? हमारी वाली छड़ी ले जाती ना!" सगळी मुलं हसली, तीही हसली. सुरुवातीचे काही महिने ती कोणी विषय काढला की "फिती नव्हत्या" असं म्हणायची. मग "दादा म्हणतो होत्या, तर असतीलच" असं म्हणू लागली. माझा लेख छापून आल्यावर तेही म्हणणं थांबलं.

पुढचं मी जवळून पाहिलं. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती जेवता जेवता तीनतीनदा उठायची. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. पहाटेचं धावणं सोडलं, मग नागपूरला एकटीनं जाणं सोडलं. दोन वर्षांनी शाळाही सोडली. "जिले सोताचाच रस्ता समजत नाही, तिनं पोरांले काय रस्ता शिकवावा?" असं ती म्हणाली. मी म्हणालो, "ठीक आहे, आता आराम कर." खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि मी तिला आराम कर म्हणालो.

यंदा उन्हाळ्यात तिनं मला डॉक्टरांकडे सोबत नेलं. दवाखाना नव्या रायपूरकडे होता. डॉक्टरांनी तिला शंभरातून सात सात वजा करायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी पुन्हा विचारले. तिनं पाचही सांगितले. बाजूला बसून मीही ते मनात म्हणून पाहत होतो; मला त्यातले तीनच आठवत होते. डॉक्टर हसले. "दीदी, आपकी याददाश्त तो मुझसे अच्छी है। ये डर कब से है?"

ती म्हणाली, "एक बार पहाड़ में भटक गई थी। लिस्ट में निशान था और मुझे कुछ याद ही नहीं था। तब से।"

बाहेर आलो. तिथले रस्ते रुंद, आणि बस तासातासानं. थांब्याच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. मी तिला सांगितलं. खूण कशी केली, हाक कशी मारली नाही, सगळं.

ती म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी विहिरीपाशी होती."

"हो."

"बादलीचा दोर गाठी मारलेला होता," ती समोर बघत म्हणाली. "दोन बाया होत्या. म्हातारीनं हळद आणून देल्ली. दुसरीच्या हातावर गोंदण होतं. मी त्यायले म्हटलं, माहा भाऊ मागून येऊन राहिला, तो आल्याशिवाय फिती निघत नाही, काळजी नाही." मग माझ्याकडे वळली. "हे सगळं खरं ना?"

"खरं."

"आठ वर्षं मले वाटे, हे मी मनानंच रचलं." मग विचारलं, "काहून केलं असं?"

मी गुडघ्याचं सांगू लागलो, लोकांच्या थट्टेचं सांगू लागलो. तिनं हात वर करून थांबवलं. "राहू दे. पोट्ट्यावानी कारणं नको सांगू." बस आली. ती चढली आणि पुढे बायकांच्या सीटवर एकटी बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "जिथं छापलं होतं, तिथंच लिहिजो."

म्हणून हे लिहिलं. पण त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली. शाळेत गेलो, मुख्याध्यापिकांना भेटलो आणि सगळं सांगून म्हणालो की तिला परत घ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, त्या कामावर आता दुसऱ्या दीदी आहेत, मुलांना त्यांच्या हाताची सवय झाली आहे. वाईट वाटतं, पण आता कसं करणार?

बहिणीकडे जाऊन मी हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली.

"तुले कोणी पाठवलं होतं शाळेत?"

"मले वाटलं..."

"मले विचारलं होतं तू? मी उद्या जाणार होती. चार दिवसांपासून मनाची तयारी करून राहिली होती. मीच सांगणार होती त्यायले, मी चुकली नव्हती म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "तेही तूच सांगून आला."

मी म्हणालो, चूक झाली. तिनं जुडी उचलली आणि पुन्हा पानं खुडू लागली.  एरवी मी आलो की ती आधी चहा टाकते; आज तो होणार नव्हता हे कळलं, तशी चप्पल घातली.