युहाच्या वडिलांचं मूळ, मुक्काम गोरेगाव

हिंगोलीला गाडीतून उतरल्या उतरल्या युहा जो शिंकायला लागला तो गोरेगावची जीप मिळेपर्यंत थांबला नाही. हळदीचा हंगाम होता. तिथल्या वाऱ्यातच हळद होती. जीपमध्ये त्याचे लांबलचक पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न सगळ्या प्रवाशांनी मिळून सोडवला. अखेर एक पाय एका मावशींच्या कोथिंबिरीच्या पाटीला टेकून आणि दुसरा माझ्या पिशवीवर, असे आम्ही निघालो.

युहा फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. तिथल्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं शेजारी बसतो. बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा जो वारसा शरीरात असतो, त्यावरून त्या किनाऱ्यावर कोण कुठून येऊन राहिलं, हे आम्ही शोधतो. काही घराण्यांचे मूळपुरुष समुद्रापलीकडून होड्यांनी आले, काहींचे पूर्वेकडून जंगलांतून. आज सगळे शेजारीपाजारी आहेत. युहाच्या वडिलांना मात्र आपण होडीतूनच आलो याची केवढी ऐट! त्यांनीच हौसेने तपासणी करून मागितली आणि निघालं भलतंच. त्याच आडनावाचे भाऊबंद पश्चिमेचे, हे एकटे पूर्वेचे. म्हणजे पिढ्यांपूर्वी कुणी बाहेरचा पुरुष त्या घरात आला होता. येत्या उन्हाळ्यात तिकडे भाऊबंदांचा मेळावा होता आणि त्यात वडिलांचं भाषण ठरलेलं. ते दर रविवारी फोनवर निकाल विचारायचे आणि हा हवापाण्याच्या गप्पा मारायचा. "त्यांना स्वतःचंच घर परकं वाटेल," असं तो मला म्हणाला होता. मला त्याची कीव यायची आणि रागही.

माझी धाकटी बहीण गोरेगावात दिलेली. तिचे सासरे, आबा, वावरात (शेतात) शिजलेली हळद पसरत होते. युहा मदतीला धावला आणि बघता बघता कोपरापर्यंत पिवळा झाला.

"लगीनच लावून टाका ह्याचं," आबा म्हणाले.

जेवताना पठ्ठ्याने मिरचीचा ठेचा जॅमसारखा भाकरीला फासला. मग दही, गूळ, पाणी, हाताला लागेल ते! आबांच्या पत्नी, द्वारकामाय, पदर तोंडाला लावून हसून हसून बेजार झाल्या.

"पोरी, तुमी तिकडं काय काम करता?" आबांनी विचारलं. मी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वारशाचं सांगितलं.

"मंग आमचं कसं? मी घरजावई. हे वावर, ते घर, सारं हिच्या बापाचं. गाव मले हिच्या माहेरच्या नावानंच वळखते."

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"काहून वाटंल?"

द्वारकामाय मध्येच म्हणाल्या, "मीच म्हणलं व्हतं बाबाले, करीन तर ह्यांच्याशीच, अन् घर सोडून जाणार न्हाई. आले मंग निमूट."

आबा चक्क लाजले.

मी भाषांतर केलं. युहाने हातातली भाकरी खाली ठेवली. त्यांच्या किनाऱ्यावर जुनी रीत अशी, की शेतातल्या घराला स्वतःचं नाव असतं आणि जावई येऊन ते सांभाळू लागला, की तो त्या घराचं नाव लावतो. हे युहाला पाठ होतं. आपल्या घराण्यातही असंच घडलं असणार, हेही तो जाणून होता. पण ते सांगायची त्याला लाज वाटत होती आणि समोर आबा निराळ्याच कारणाने लाजत होते.

"आज रविवार ना?" त्याने मला विचारलं.

फोनला रेंज विहिरीच्या कठड्यापाशी मिळाली. पडद्यावर वडील आले. युहाने सगळं सांगून टाकलं, आबांना नि मायना दाखवलं. मग वडिलांनी एक प्रश्न विचारला आणि युहा हसू लागला, हसता हसता डोळे पुसू लागला.

"काय म्हनले?" मायनी विचारलं.

"म्हणतात, मग ती मुलगी कोण? जिच्यासाठी तो बाहेरचा माणूस आमच्या घरात राहिला?"

"व्हय, बराबर इचारलं," माय म्हणाल्या.

परतीच्या गाडीत वडिलांचे निरोपावर निरोप येत होते. भाषण नव्याने लिहायला घेतलं होतं; सुरुवात तिच्यापासून, नाव सापडो न सापडो. युहा प्रत्येक निरोप मला मोठ्याने वाचून दाखवत होता आणि समोरचं कुटुंब काही न कळता आमच्याबरोबर हसत होतं. मीही फार खुशीत होते. तरी एक गोष्ट मनात येत राहिली. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या त्या वारशात तिचा कणही उतरत नाही. आमच्या तपासणीत ती कधीच दिसणार नाही. तिने ज्याला ठेवून घेतलं, तो मात्र अजून सापडतो.