अंगणातला बर्फाचा डोंगर

जगातले सगळ्यात सुंदर देश कोणते, याची यादी माझ्या भाच्याला तोंडपाठ आहे. पहिला नंबर स्वित्झर्लंड, मग न्यूझीलंड, नॉर्वे, आइसलंड. पाचव्या नंबरचा देश तो दर आठवड्याला बदलतो. गेल्या उन्हाळ्यात वरठीच्या कारखान्यातल्या नोकरीतून सुट्टी काढून, बायकोला घेऊन, टूरवाल्यांसोबत तो पहिला नंबर बघून आला. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांना इकडचं काही रुचेनासं झालंय. कारध्याच्या पुलावर मी सहज म्हटलं, वैनगंगेचं पाणी आज छान दिसतंय. तर म्हणाला, मामाजी, तिथल्या पाण्याचा तळ दिसते. तळ दिसल्यावर पुढे काय करायचं असतं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्याने मला फोटो बघायला बोलावलं. त्याचं घर पुनर्वसनाच्या वसाहतीत आहे. माझी मोठी बहीण, म्हणजे त्याची आई, त्याच्याकडेच राहते. तिचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणून ही वसाहत. टीव्हीवर चारशे फोटो होते आणि प्रत्येकात तो हात पसरून मधोमध उभा, त्यामुळे स्वित्झर्लंड बरंचसं त्याच्या मागेच राहिलं. शिखरावर गरम पुरी-भाजी मिळाली, हे त्याने तीनदा सांगितलं. तिथल्या गाईसुद्धा किती स्वच्छ, हे सांगितलं तेव्हा ताईने विचारलं, शेण कुठं टाकतात? त्याला ते माहीत नव्हतं. आठ दिवस राहून आलेल्या माणसाला एवढं ठाऊक नसावं, याचं तिला नवल वाटलं, आणि तिने नवल केलं याचा त्याला राग आला.

मग एक फोटो आला. मागे बर्फाचा डोंगर, खाली तळं, काठावर लाल छपराचं घर. ताई पुढे सरकली आणि म्हणाली, "हे तं आपल्या आंगणातलं होय."

भाचा हसला, सूनही हसली. मला हसता आलं नाही, कारण ताईचं बरोबर होतं. तो डोंगर माझा होता.

मी फोटोवाला. भंडाऱ्यात माझा छोटा स्टुडिओ होता, पण खरा धंदा मंडईचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आज या गावाची, उद्या त्या गावाची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि घरटी एक फोटो निघायचाच. मी नागपूरच्या एका पेंटरकडून कॅलेंडरवरून पडदा रंगवून घेतला होता. बर्फाचा डोंगर, तळं, लाल छपराचं घर, आणि दोन हंस, जे कॅलेंडरवर नव्हते, पेंटरने आपल्या मनाने घातले. अंगणात दोन बांबू रोवायचे, दोरी ताणायची, पडदा टांगायचा आणि त्यापुढे सगळं घर ओळीने उभं करायचं. मातीचा कूड, भाताच्या तणसाचा ढीग, उकिरडा, सगळं त्यामागे गेलं की लोक खूश. म्हाताऱ्या बाया बजावून सांगत, कूड दिसू देऊ नोको बापू. मी म्हणायचो, काळजीच नको. लग्नाच्या मुलीचा फोटोही याच पडद्यापुढे निघायचा आणि पाहुण्यांकडे जायचा. तुमच्या मुलीमागे एवढा बर्फ कुठून आला, असं कोणत्याही सोयऱ्याने कधी विचारलं नाही.

हे मी सगळं रंगवून सांगितलं. भाचा पोट धरून हसला. ताई हसली नाही. ती त्याला म्हणाली, हे देश झाले पाहून, आता माझं घर दाखव. त्याने मोबाइलवर नकाशा काढला. निळा रंग दिसला. त्याने दोन बोटांनी तो मोठा केला, तर निळा रंगच मोठा झाला. इथंच कुठंतरी, असं म्हणून त्याने वर पुस्ती जोडली की बॅकवॉटरही काही कमी नाही, नागपूरचे लोक बोटीत फिरायला येतात, मिनी स्वित्झर्लंड म्हणतात. ज्या पाण्याखाली त्याच्या आईची चूल आहे त्याचं कौतुक तो आईलाच ऐकवत होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

ताई माझ्याकडे वळली. "तू तं फोटोवाला होतास. माह्या घराचा एखादा फोटो असन ना तुह्यापाशी?"

मी म्हटलं, ढीगभर असतील.

"मंग आण. दार डाव्या हाताले होतं का उजव्या, तेच आठवून नाही राहिलं मले. रोज आठवून पाहातो, रोज वेगळं येते."

मी त्या दारातून वर्षानुवर्षं आतबाहेर केलं होतं. पण मलाही सांगता येईना. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, मधोमध असेल. गाव उठलं तेव्हा त्याच्याकडे बटणांचा मोबाइल होता. त्यात त्याने फोटो काढले ते सामानाच्या ट्रॅक्टरचे, आणि तो मोबाइलही केव्हाच बंद पडला.

घरी येऊन मी निगेटिव्हची पेटी काढली. चार दिवस खिडकीत बसून पट्ट्या उजेडाला धरल्या. ताईच्या अंगणातल्या एकूण एक मंडया सापडल्या. ताई नवी नवरी, मागे डोंगर. ताईची सासू काठी टेकून, मागे डोंगर. भाचा एक वर्षाचा, कपाळाला काजळाची तीट, अंगावर एक धागा नाही, मागे डोंगर. म्हणजे यादीतला पहिला नंबर त्याने तेव्हाच गाठला होता. इतर घरांचंही तेच. अख्खं गाव स्वित्झर्लंडला राहत होतं. भाच्याला चार दिवस हसलो होतो, आता स्वतःची लाज वाटायला लागली. पाणी यायच्या कितीतरी आधी मीच त्या गावावर कापड टाकलं होतं, तेही मोठ्या हौसेने. मी पेटी बंद करायला घेतली.

तेव्हा एक वाया गेलेली निगेटिव्ह हाती लागली. वाऱ्याने दोरी सुटली असावी. पडदा एका बाजूने दुमडला होता, डोंगर तिरपा झाला होता आणि तरुण ताई तोंडाला पदर लावून हसत होती. अशा फोटोची प्रत मी कधी काढत नसे. पडद्याच्या कडेला उघडी पडलेली एक पट्टी होती: पोपडे निघालेला कूड, खुंटीला सूप, आणि दाराच्या चौकटीचा एक खांब.

मी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून छापून घेतला. हाताची खोड जाते कुठे? ताईचा चेहराही थोडा उजळून घेतला.

दुपारी वसाहतीत जाऊन तो तिच्या हातात दिला. भाचा म्हणाला, आई, किती सुंदर दिसत होतीस. तिने स्वतःकडे पाहिलंच नाही. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती चौकटीच्या खांबावरून नुसतं बोट फिरवत राहिली.

"डाव्या हाताले होतं," ती म्हणाली. मग सुनेला कात्री आणायला सांगितली आणि फोटो माझ्याकडे दिला. "हा पहाड काप."

मी डोंगर कापला. तिने उरलेला तुकडा पाहिला आणि परत दिला.

"आता मले बी काप."

"तुले कायले?"

"मी तं आहो ना इथं."

मी कापलं. दोन बोटं रुंदीची पट्टी उरली, कूड, सूप आणि खांब. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्या गावाचा मी काढलेला हा एकच फोटो.