सुनेच्या हातची चव

गल्लीत तिला सगळे वेल्डरीणबाई म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीने, आणि पुढे कुणाचं फाटक निखळलं की अगदी आर्जवाने. जिने, कठडे, खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती पहिल्या दिवशी गेली, तेव्हा मालकाने तिला कोपऱ्यातला झाडू दाखवला होता. तिने झाडून घेतलं, आणि त्याच दुपारी डोळ्यांवर काळी काच ओढून एक बिजागरी जोडून दाखवली. आता झाडू पाळीपाळीने सगळे मारतात. मालकसुद्धा.

घरचा स्वयंपाक नवऱ्याकडे होता. तो ज्या चपलांच्या दुकानात होता ते बंद पडलं. महिनाभर भिंतीकडे बघून कंटाळल्यावर एक दिवस त्याने कांदा चिरायला घेतला आणि त्यातच रमला. असा रमला, की पुढे नोकरी चालून आली तर त्यानेच नको म्हटलं. कढईत काय चाललंय ते तो पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा. आता बाईने कमवावं आणि पुरुषाने रांधावं, यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? काही कोसळलं नाही. आठ वर्षं दोघं पोटभर जेवली.

अडचण एकच, नाना. म्हणजे सासरे. ते थोरल्या मुलाकडे राहायचे, पण वर्षातून दोनदा चार दिवस इकडे यायचे. ते येणार म्हटलं की घरात नाटकाची तयारी सुरू. नवरा पहाटे उठून सगळं रांधायचा, तिच्या एप्रनला पिठाचे हात पुसून ठेवायचा आणि नाना उठायच्या आत, अजून दुकानात असून सुट्टी घेतल्यासारखा, पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचा. ती रजा टाकून घरी राहायची, झाकणं काढायची, वाढायची. नाना बोटं चाटत म्हणायचे, "सूनबाई, हाताला चव आहे हो तुझ्या!" नवरा पेपरामागे गालातल्या गालात हसायचा. तिला मात्र ते कौतुक गिळवत नसे. घाम एकाने गाळायचा आणि शाबासकी दुसऱ्याने घ्यायची, ही असली चोरी तिने कारखान्यातही कधी खपवून घेतली नव्हती.

या खेपेला नाना ट्रंक घेऊन आले. कायमचे. थोरल्याने फोनवर निकालच लावून टाकला होता, "नानांना दुपारचं गरम लागतं. तुझ्या बायकोला म्हणावं, कारखाना पुरे झाला आता." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातंय! नवरा "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला.

"बघतो म्हणजे काय?" तिने विचारलं.

"थोडे दिवस सांभाळून घे ना. नानांना नाही झेपायचं गं."

"चार दिवसांचं नाटक केलं मी. जन्मभराचं नाही करणार. कामही नाही सोडणार. तू सांगतोस, का मी सांगू?"

तो उठून कांद्यांची टोपली आवरायला लागला. तिला संताप आला. कढईपुढे वाघ आणि बापापुढे शेळी, असला नवरा काय कामाचा!

दुसऱ्या दिवशी तिची दुपारची पाळी होती, आणि नेमकी नानांना लहर आली. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ते म्हणाले, "सूनबाई, आज माझ्यासमोर कर काहीतरी. भातावर कांदा परतून घाल, खरपूस." नवरा बाहेर पेपर धरून बसला होता. पान उलटत नव्हतं.

आठ वर्षांत तिने कांदा परतला नव्हता, आणि त्याआधीही तो कधी धड जमला नव्हता. तिच्या धंद्यात आच मोठीच लागते, म्हणून तिने गॅस पूर्ण मोठा केला आणि कांदा ओतला. कढई आधी चुरचुरली, मग तडतडायला लागली.

"अगं, लागतोय! आच कमी कर!" बाहेरून आरोळी आली. पाठोपाठ नवरा धावत आत आला. बापाच्या खुर्चीला वळसा घालून त्याने एका हाताने गॅस बारीक केला आणि दुसऱ्या हाताने पेपराच्या घडीनेच कढई धरून खाली उतरवली.

पितळ उघडं पडलं.

"तुला बाहेर बसून कसं कळलं रे?" नानांनी विचारलं.

"वास... वास आला."

"मी दारात बसलोय. मला नाही आला तो?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने गॅस बंद केला आणि एप्रन काढून खिळ्याला अडकवला. "नाना, त्याला आवाजावरून कळतं. या घरात तोच रांधतो. मी कमावते."

नाना लालबुंद झाले. "माझा मुलगा चुलीपुढे? लाज नाही वाटत? मला सुनेच्या हातचंच लागतं, सांगून ठेवतो!"

"मग या घरात आठ वर्षं तुम्ही उपाशीच आहात, नाना."

तेवढ्यात फोन वाजला. थोरलाच होता. नाना म्हणाले, "घे! सांग त्याला तुझे प्रताप!" नवरा वाजणाऱ्या फोनकडे बघत राहिला. तिने बूट चढवले, पिशवी उचलली. आपल्या वाटचं ती बोलली होती. त्याच्या वाटचं बोलायला ती थांबणार नव्हती.

दार उघडून ती एक मजला उतरली. तिथला कठडा तिनेच जोडलेला होता. त्याला धरून मात्र ती उभी राहिलीच.

"हॅलो. हां दादा... नाही, सोडलं नाही तिने काम. सोडणारही नाही." तिची बोटं कठड्यावर आवळली. "स्वयंपाक? मी करतो. मी म्हणजे मीच. आठ वर्षं."

समोरच्यांच्या दाराची कडी वाजली. नाना कळवळून म्हणाले, "अरे हळू बोल! दार उघडं आहे, लोक ऐकतील!"

"राहू दे उघडं," नवरा म्हणाला, आणि त्याने आवाज आणखी चढवला. "आणि दादा, तू येतोस तेव्हा जे चाटूनपुसून खातोस ना, तेही माझंच असतं. ठेव आता, मला कांदा चिरायचाय."

दार लावायला ती परत वर गेली नाही. पाळीची वेळ झाली होती.