गमछ्याखालची दोन बोटं

फोपनारच्या एका शेतात केळीचे घड वजनाला लागले होते आणि मी शेतकऱ्याशी भावावरून भांडत होतो, तेव्हा पुण्याहून फोन आला. शेखर गेला. माझा धाकटा भाऊ. झोपेतच साखर उतरली, सकाळी उठलाच नाही. मी फोन खिशात ठेवला आणि राहिलेला सौदा पुरा केला. शेतकरी म्हणाला, "शेठ, आज लवकर मानले तुम्ही." मानलो होतो खरा... किती भावाला, ते आता आठवत नाही.

शेखरला शाळेत असतानाच मधुमेह झाला. शरीराचे राखणदारच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना चोर समजून मारतात, तो मधुमेह. मी तेव्हा बैलबाजारात दलाली करायचो. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत, गमछ्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. सुट्टीत शेखर माझ्यासोबत यायचा. साखर कमी झाली की त्याला घाम फुटायचा, जीभ जड व्हायची, पण चारचौघांत सांगायची लाज. मग तो गमछ्याखाली हात घालून माझी दोन बोटं दाबायचा आणि मी खडीसाखर काढून द्यायचो. समोरच्या दलालाला वाटायचं, पोरगं आमचा भाव फोडतंय.

शिकून तो पुण्यात संशोधक झाला आणि याच आजाराच्या मागे लागला. मला समजावताना म्हणायचा, "दादा, पेशीसुद्धा गमछ्याखालीच बोलतात." मेंदूत एक पेशी दुसरीला 'शांत हो' म्हणून जो पदार्थ पाठवते, गाबा नावाचा, तोच इन्सुलिनच्या पेशीही बनवतात. हल्ला करणाऱ्या राखणदारांनाही ती खूण कळते. औषधानं ही खूण जोरात दिली तर ते थांबतील का, उरलेल्या पेशी वाचतील का, हे तो पाहत होता. उंदरांत आशा दिसली होती. माणसांत पक्कं काही नव्हतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, मुक्ताला, तोच आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, थोड्या पेशी अजून जिवंत असतील. म्हणजे वेळ होता. मी तडक पुण्याला गेलो.

"उंदराला देतोस, पुतणीला नाही?"

"उंदराचा बाप भांडायला येत नाही, दादा."

"तू बोल, काय पाहिजे तुला?"

"हा सौदा नाही. माल अजून कच्चा आहे."

"केळी आम्ही कच्चीच तोडतो. पिकते वाटेत."

तो हसला. मला हसू आलं नाही. लहान मुलांवर रीतसर चाचणी निघाली तर पहिला फोन तुलाच करीन, म्हणाला. तोवर तिच्या पेशी थांबतील का, मी विचारलं. तो पाणी आणायला उठला... मी निघून आलो. पुढं त्याचे फोन मुक्ताच घ्यायची. गेल्या दिवाळीत तो घरी आला, तर मी गोदामावरच थांबलो. तिच्या पेशी आता संपल्यात जमा आहेत. त्या औषधानं त्या वाचल्या असत्या का, ते शेखरलाही माहीत नव्हतं. पण विचारायला आता तोही नाही. लोक म्हणतात, गेलेल्यावर राग धरू नये. मी धरून आहे.

तेराव्याला घर भरलं होतं. कोणीतरी शेखरच्या हुशारीबद्दल बोलत होतं, माझं लक्ष नव्हतं. मुक्ता जवळ येऊन बसली. माझ्या गमछ्याखाली तिचा हात आला, घामानं गार. तिनं माझी दोन बोटं दाबली. मी खिसा चाचपला. खडीसाखर होती. ती खाऊन तिचा चेहरा जरा उजळल्यावर विचारलं, "कोणी शिकवलं?"

"काकांनी. दिवाळीत. बोलले, पप्पांना आधीपासून सांगून ठेवू नको."

"का?"

"बोलले, सांगितलं तर भाव करत बसतील."

ऊन चढलंय. घरात बसलो तरी गमछा मी खांद्यावरून काढत नाही.