गोवर्धनकाकांचा टाको

पुष्पावतीकाकीनं जन्मात डुकराचं मांस चाखलं नाही, पण समुद्रापारच्या आमच्या बेटावर, रिव्हिएर दू रांपारमध्ये, तिच्याइतकं मऊ ते कुणी शिजवत नसे. हे मी कौतुकानं सांगते आहे. कुणाला नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा.

तिचा नवरा, माझे गोवर्धनकाका, मालवाहू बोटीवर आचारी. बोटीवरच्या एका मेक्सिकन खलाशाकडून ते टाको शिकले आणि चौऱ्याहत्तर साली सुट्टीवर आले ते हे खूळ डोक्यात घेऊनच. डुकराचा खांदा संत्र्याचा रस, लसूण, सुक्या मिरच्या घालून दिवसभर मंद आचेवर ठेवायचा. मांस बोटानं सुटायला लागलं की मक्याच्या पातळ भाकरीत गुंडाळायचं. आमच्या मराठी घरात कोशों, म्हणजे डुक्कर, शिरणं अशक्य. काकांची आई, भगवतीआजी, भारी कडक. अंगणात वेगळी चूल आणि वेगळी डेगची, एवढीच तिनं सूट दिली. ते शिजायला लागलं की नाकाला पदर लावून ती शेजारी जाऊन बसायची. पदार्थाचं नावसुद्धा तिनं कधी विचारलं नाही. काकी मात्र शिकली. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढायचं, एवढंच तिचं म्हणणं.

ब्याऐंशीत काका कायमचे परत आले, घशाचा कॅन्सर घेऊन. आवाज बसलेला, पेजेशिवाय काही गिळवेना. एका सकाळी त्यांनी काकीकडे टाको मागितला. डॉक्टरांनी आशा सोडलीच होती. काकीनं चूल पेटवली. संध्याकाळी मांस तयार झालं, पण मक्याचं पीठ कमी पडलं.

"आये, यांच्यापाशी जरा बसा, मी बुतिकात जाऊन पीठ घेऊन येते," असं सासूला सांगून ती दुकानाकडे पळाली.

अंगणातून वास येत होता. "काय पायजे रं बाळा?" आजीनं विचारलं. काका दाराकडे बोट दाखवून कसंबसं म्हणाले, "टाको."

आजीला ऐकू आलं, "टाक गो."

आमचे लोक मूळचे कोकणातले, आईशी बोलतानाही 'गो' म्हणतात. आजीला वाटलं, शेवटच्या घडीला पोराला उपरती झाली. जन्मात न शिवलेली ती डेगची तिनं फडक्यानं उचलली आणि केळीमागच्या खड्ड्यात रिकामी केली. काकांना वाटलं, आई आणायला गेली. ते दाराकडे बघत राहिले.

काकी परतली तेव्हा आजी डोळे पुसत होती. "सोडलं गो माज्या लेकानं! माज्याच हातून टाकून घेतलं."

काकी आत गेली. काकांनी तिलाही विचारलं, "टाको?" तेव्हा तिला सगळं कळलं. "उद्या करते," ती म्हणाली. पण पहाटेच काका गेले.

मला आजीचा राग येतो, आणि तिचा कळवळाही येतो. पुढे प्रत्येक श्राद्धाला ती जमलेल्या माणसांना ही गोष्ट अभिमानानं सांगायची आणि काकी मुकाट मान डोलवायची. एकदा मी चिडून विचारलं, "काकी, खरं काय ते सांगत का नाहीस तिला?"

काकी भांडी घासत होती. "तिचा लेक गेला, ते दुःख तिला पुरे," ती म्हणाली. "तो भुकेला गेला, हे माज्यापाशीच राहूं दे."