रत्नम्माचं सोंग

"तू कामवाली हो. बस खाली. तुला काही शिकवायला लागणार नाही."

मॅडम माझ्या कानाशी मराठीत म्हणाल्या. वर्गात रिकाम्या खुर्च्या होत्या. तरी मी फरशीवर बसले. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. असं अंग चोरून बस, असं कुणी म्हणालं नव्हतं. पण मला ठाऊक होतं कसं बसतात ते.

मी मैसूरला हेड कॉन्स्टेबल आहे. पोलीस प्रशासनात एम.ए. करते. वर्ग शनिवार-रविवारी, विद्यापीठात. वर्गात बाकी सगळे अधिकारी, दोन वकील, एक सिक्युरिटी कंपनीतला मॅनेजर. कॉन्स्टेबल मी एकटी. डिग्री झाली तर पीएसआयच्या परीक्षेला जोर येईल, म्हणून हा खटाटोप.

मला खाली बसवणाऱ्या मॅडम माझ्याच स्टेशनला ट्रेनिंगवर आलेल्या अधिकारी, वर्गातही माझ्याबरोबर. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. पुण्याहून त्यांचे वडील नोकरीसाठी इकडे आले, ते इथलेच झाले. आम्ही इथले जुने मराठी; पणजोबा राजाच्या घोडदळात होते म्हणे. मॅडम मराठी बोलतात हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पुढे कळलं, ती मराठी माझ्याकडून बॅग उचलून घेण्यापुरती आहे. चारचौघांत त्या माझ्याशी कन्नडमध्ये अदबीने बोलतात. वर्गाला यायची माझी सुट्टीही त्यांच्याच हातात. म्हणून मी बॅग उचलत होते.

त्या दिवशीचा विषय होता संशयिताची चौकशी. प्रोफेसरांनी नाटक करून दाखवायला सांगितलं. घरातली सोन्याची चेन गेली आहे, संशय कामवालीवर. मॅडम अधिकारी झाल्या. मी कामवाली.

आणि मी काय केलं? ओढणीचा बोळा तोंडात धरला. हात जोडले. घोगरा आवाज काढला. "नानल्ला अम्मा, नानल्ला." मी नाही अम्मा, मी नाही. माझ्या पोरींची आण. नाकातून सूं सूं केलं. वर्ग हसून लोटपोट. प्रोफेसरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम हळूच म्हणाल्या, अगदी खरी वाटलीस. चहाच्या सुट्टीत त्यांनी आपला उष्टा कप माझ्या हातात दिला आणि मी तो विसळून आणला.

कप विसळताना मी खूश होते. हे लिहायलाच मला सगळ्यात जड जातंय.

कारण तो आवाज माझा नव्हता. शहराबाहेरच्या येलवाल गावातल्या रत्नम्माचा होता. ती शहरात धुणीभांडी करायला येते. थोडे दिवस आधी असाच चेनचा आळ घेऊन मालकिणीने तिला आमच्या स्टेशनला आणलं. बाईजवळ बाईच हवी म्हणून मी. मीच तिला भिंतीपाशी बसवलं. मीच तिची झडती घेतली. ती पदर तोंडात धरून नानल्ला नानल्ला करत होती आणि मी म्हणत होते, नाटकं पुरे. संध्याकाळी चेन मालकिणीच्या मुलीच्या बॅगेत सापडली. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसला प्रकार. मालकिणीने फोन करून सांगितलं, प्रकरण मिटलं. मी रत्नम्माला म्हणाले, जा. बस, एवढंच. चुकलो, असं कुणीही म्हणालं नाही. मीही नाही.

वर्गातल्या त्या नाटकाच्या पुढच्या आठवड्यात हुणसूर रोडच्या बसमध्ये चढले. साध्या कपड्यांत होते. बस भरलेली. खिडकीपाशी रत्नम्मा. तिने मला पाहिलं आणि ताडकन उठली. जागा दिली. आदराने नाही, भीतीने.

मी बसले.

सवय. दुसरं काय. ती दांडा धरून येलवालपर्यंत उभी राहिली, माझ्याकडे न बघता. तिला हाक मारावी, उठावं, निदान माफ कर म्हणावं, असं वाटत होतं. ती उतरली. मी तिच्या जागेवर तशीच बसून राहिले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

त्यातच प्रोफेसरांचा निरोप आला. रविवारी मोठे साहेब पाहुणे येणार आहेत, तेच नाटक परत करायचं. त्याचे मार्कही मिळणार. घरी सासूला सांगितलं, मला नाही करायचं. सासू म्हणाली, "सुम्ने, गुमान करून ये की. येवढं बेजार कशाला?" तिचं तरी काय चुकलं. गप्प राहून करून टाकायचं, हेच तर मी नोकरीत शिकले.

रविवारी मॅडमनी बोटाने फरशी दाखवली. पाहुणे समोर.

"मी हे करणार नाही," मी कन्नडमध्ये म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून. "हे रडणं रत्नम्माचं आहे. ती चोर नव्हती. आम्ही तिला चोर केलं. मी तिची नक्कल करून तुम्हाला हसवलं."

प्रोफेसर चष्मा पुसत राहिले. मॅडम जवळ आल्या. हळू आवाजात, मराठीत म्हणाल्या, "शनिवार-रविवार विसर आता."

शब्दाला जागल्या. पुढच्या शनिवारी माझी ड्यूटी राजवाड्याच्या गेटवर लागली. त्यानंतरच्याही. हजेरी भरली नाही तर परीक्षेला घेणार नाहीत. मी वरच्या साहेबांकडे लेखी अर्ज दिला आहे. नाही म्हणाले तर त्यांच्या वरच्यांकडे देईन. हे वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी फी भरीन.

डिग्री मला हवी आहे. पीएसआय मी होणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आधी येलवालला जायचं आहे. दिवसाढवळ्या, वर्दी घालून. रत्नम्माच्या दारात, तिच्या गल्लीतल्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणायचं आहे की ही चोर नव्हती, चूक आमची होती, माझी होती. ती मला माफ करणार नाही. करूही नये. पण ते म्हटल्याशिवाय मी पेपर लिहिणार नाही.