बाई म्हणायच्या, परत घेऊ

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी जन्मात एकही गोष्ट एका झटक्यात पार पडू दिली नाही. स्वतःची तर नाहीच, दुसऱ्याचीही नाही. बाई एकेकाळच्या मोठ्या नटी. पौराणिक चित्रपटात बाळकृष्ण म्हणून पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, पुढे नायिका झाल्या, थिएटरांवर हाउसफुल्लच्या पाट्या लागल्या, आणि चाळिशीच्या आतच आपल्याहून वयाने मोठ्या नायकांच्या आई झाल्या. मग कामं थांबली आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, नेरूळला चिखल आणि वारा यांखेरीज फारसं काही नव्हतं तेव्हा, त्या आमच्या डोक्यावर राहायला आल्या.

सेटवरची सवय काही सुटली नव्हती. दार उघडताना चेहरा उजेडात यावा म्हणून त्यांनी उंबऱ्याशी खडूने फुली मारली होती. पाहुण्याने उभं राहायची फुली वेगळी. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाणी जपून वापरा म्हणून तावातावाने सांगायला जावं, तर बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "छान! पण राग जरा लवकर आला तुम्हाला. परत घेऊ." आणि मी, सरकारी नोकरीत मुरलेला माणूस, मुकाट्याने जिना उतरून पुन्हा वर यायचो! गावातली म्हावरेवाली तेवढी भांडायची. "आता आयलेली हाय ना बाय, परत कशाला येऊ? म्हावरा सुकंल!" तरी बाईंनी तिला माशांच्या टोपलीसकट जिन्यापर्यंत पाठवलीच.

म्हणून माझ्या एकुलत्या एक लेकीच्या, सुमीच्या लग्नात मी बाईंना अक्षरशः हात जोडले. आज कुणालाही काहीही परत करायला लावू नका. बाईंनी शब्द दिला आणि दिवसभर तोंडाला पदर लावून बसल्या. भटजींचा आवाज दोनदा बसला, तरी त्या गप्प होत्या.

पाठवणीची वेळ आली. सुमी नागपूरला निघाली होती. ती पाया पडली, मला बोलायचं होतं ते बाजूला राहिलं, आणि तोंडातून निघालं, "ट्रंकेची किल्ली पर्समध्ये ठेव. फिरकीचा तांब्या सरळ धर." तिने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. दार लागलं. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "परत घेऊ!"

व्याही घड्याळ बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. "बाई, लग्न आहे हे, शूटिंग नाही!"

"किल्लीचं वाक्य काढा, भाऊसाहेब," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सिनेमातली पोर म्हणून माझ्या लग्नाला माझे वडील आले नाहीत. पडद्यावर मात्र इतक्या बापांनी मला सासरी धाडलंय, की ते कसं असायला हवं, मला ठाऊक आहे."

सुमी उतरून आली. मी तिला जवळ घेतलं आणि लहान मुलासारखा रडलो. किल्लीची आठवण कुणालाच राहिली नाही.

पुढे बाई कायमच्या कोल्हापूरला भाचीकडे गेल्या. टॅक्सी दारात उभी राहिली, पुन्हा बोलायचं ते बाजूला राहिलं, आणि मी विचारलं, "गॅस बंद केलात ना?"

बाई हसल्या, मान हलवली. टॅक्सी खाडीकडच्या रस्त्याला लागली आणि मला फार वाईट वाटलं. हे परत घ्यायलाच हवं होतं. पण तसं सांगणाऱ्या बाईच टॅक्सीत बसल्या होत्या.